कानामागचं हाड

मी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचं हाड चाटलं.

भूकंपानंतर लातूरकडं नव्या घरांचे पाये खोदताना एके ठिकाणी जुनी खापरं आणि माणसाची हाडं निघाली. बाकीच्या हाडांचा भुगा झाला. कानामागचं एक टणक हाड तेवढं माझ्याकडं आलं, कारण गावात जीवशास्त्र शिकलेला मी एकटाच. पुढं कोचिंगचं पीक आलं. मी नांदेडला शिकवायला आलो, डब्यातून हाडही आलं.

एक दिवस एका संशोधक मॅडमचा फोन आला. "सर, आपल्याकडच्या उन्हात जुना डीएनए टिकत नाही. टिकला तर ह्याच हाडात. अख्ख्या मराठवाड्यात मला हे एकच मिळालंय, माझं सगळं काम त्यावर आहे. हात लावू नका."

हे मी वर्गात ऐटीत सांगितलं. मागून आवाज आला, "सर, दगड निघाला तर?"

जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही, असं कुठंतरी वाचलं होतं. भरल्या वर्गासमोर चाटलं. चिकटलं. टाळ्या पडल्या.

मॅडम आल्या त्या मास्क, टोपी, हातमोज्यांवर हातमोजे चढवून. "कुणी हात लावला नाही ना?"

"छे!" हात लावलाच नव्हता. चिमट्यात धरलं होतं.

हाडाबरोबर नियम म्हणून त्यांनी माझी थुंकीही नमुन्याला नेली.

काही महिन्यांनी फोन आला. "सर, हाडातला डीएनए तुमच्याशी जुळतोय, पण..." पण-नंतरचं ऐकतो कोण? मी क्लासच्या संचालकांकडं पळालो.

"लई भारी! लातूरच्या क्लासवाल्यांकडं हाय का असला मास्तर?" म्हणत त्यांनी चौकात फ्लेक्सच लावला. कोट-टायमधला मी, खाली 'थेट अश्मयुगापासूनचा अनुभव'.

तो फ्लेक्स बघूनच मॅडम घरी आल्या. "सर, पूर्वज असता तर थोडाफार जुळला असता. हे पूर्णच्या पूर्ण तुम्ही आहात. एक तर तुमचा जुळा भाऊ तेव्हाच वारलाय, नाहीतर..."

मी चिमट्याचं सांगितलं. मग जिभेचंही.

"हाडाला बारीक छिद्रं असतात, म्हणून तर ते चिकटतं," त्या म्हणाल्या. "थुंकी पार आत गेली."

"थोडं उरलं असंल की?"

"पूड करावी लागते, सर. संपलं." त्या चहाच्या कपाकडं बघत बसल्या. चहावर साय धरली.

पोह्यांची बशी घेऊन बायको दारातच थांबली होती.

"अहो," ती म्हणाली, "हजारो वर्षं कुत्र्यानंबी तोंड लावलं न्हाई त्याला, अन् तुम्ही चाटून आले!"