गुऱ्हाळावरचं इंजिन

कुठलंही इंजिन तपासायचं झालं की आबा मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून म्हणत, "गप ऱ्हावा जरा. त्येला बोलू द्या." मग गाडीमालक, शेजारचा पंक्चरवाला, चहावाला, सगळे गप्प. तुम्ही असता तर तुम्हीही गप्प बसला असता.

बारामतीत त्यांचं गॅरेज होतं. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. थोरल्या भावाची जुनी जीप मी त्यांच्याकडे नेली तेव्हा भाऊ जाऊन चार वर्षं झाली होती. आबांनी पत्रा न् पत्रा ठोकून जीप उभी केली, पण इंजिनाचा ब्लॉक तडकलेला निघाला. दुसरं इंजिन शोधणं भाग होतं. वहिनी रोज फोनवर विचारायच्या, "झाली का हो गाडी, भाऊजी?" इंजिन चुकीचं निघालं तर ही जीप पुन्हा अंगणात गंजत पडणार, या धास्तीनं मला जेवण जाईना.

पहिलं इंजिन गावातच मिळालं, अपघातात चेपलेल्या एका पिकअपचं. बसवताना थोडी कापाकापी लागली असती, पण चालत होतं अगदी शिवणयंत्रासारखं. आबांनी एका कानानं ऐकलं, मग दुसऱ्यानं.

"ह्यात जीवच न्हाय," म्हणाले आणि चालू लागले.

दुसरं अंथुर्ण्याजवळच्या गुऱ्हाळावर होतं. आमच्याकडे जीप मोडीत निघाली तरी तिचं इंजिन घरी बसत नाही. ते कुणाच्या विहिरीवर नाहीतर उसाच्या चरकाला जुंपलं जातं. हेही तसलंच, माझ्याच जीपच्या जातीचं. ते धडधडायला लागलं आणि आबांचा चेहरा खुलला. "बघा सर, कसं खणखणीत हाय! हेच बसवू."

मला मात्र त्या धडधडीखाली टकटक ऐकू येत होती. वर्षानुवर्षं एकाच वेगात फिरलेलं इंजिन. गिअर टाकून चढाला लावलं तर किती टिकेल?

इंजिन बंद झालं. तेवढ्यात आबांच्या खिशातला फोन वाजला. कर्कश वाजला, थांबला, पुन्हा वाजला. आबा निवांत हात पुसत होते. गुऱ्हाळवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

परतताना रस्त्यावरच्या हॉटेलात चहा घेतला.

"आबा, मला ते पिकअपचंच पाहिजे," मी जरा मोठ्यानं म्हणालो.

"तुमाला काय कळतं ह्यातलं?"

"काहीच नाही. पण ह्याच्यात टकटक होती."

आबांनी कप खाली ठेवला.

"मला न्हाय आली ऐकू," ते म्हणाले. "तुमचंच बसवू."

असं कबूल करणारा मेकॅनिक मी तोवर पाहिला नव्हता. मला त्यांच्याबद्दल एवढं वाईट वाटलं की आपण बोललोच नसतो तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

तीन आठवडे खपून त्यांनी पिकअपचं इंजिन बसवलं. सगळे बोल्ट स्वतः आवळले. मग बॉनेट लावून लांब जाऊन उभे राहिले. मी किल्ली फिरवली. इंजिन हलकेच सुरू झालं.

आबा माझ्याकडे बघतच राहिले.

"मारा की स्टार्टर," ते म्हणाले. "कशाची वाट बघताय?"

पंक्चरवाल्यानं मान खाली घातली. सुरू आहे, असं ओरडून सांगायला माझी जीभ उचलेना. मी ॲक्सिलरेटर दाबला. आणखी दाबला. गॅरेजचे पत्रे थरथरायला लागले, तेव्हा कुठे आबा हसले.

"हाय की! चालू हाय की!" म्हणत त्यांनी टोपीनं तोंड पुसलं.

त्यानंतर त्यांनी कुणाचं इंजिन पारखून दिलं नाही. आता आबा जाऊन वर्ष होईल. गॅरेजच्या जागी टायरचं दुकान आलंय. वहिनींना जीपमधून घेऊन तिथून जाताना माझा पाय ॲक्सिलरेटरवर आपोआप जोरात पडतो. वहिनी दचकतात, "केवढा आवाज करता हो, भाऊजी!"

दुकान मागं पडेपर्यंत मी पाय काढत नाही.