सात नंबरचा शर्ट

हरण्याचा एवढा दांडगा अनुभव असलेला आणि हरण्यावर तिळमात्र विश्वास नसलेला माणूस खटकचिंचोळीपासून बसवकल्याणपर्यंत शोधून दुसरा सापडायचा नाही. हे आमच्या सीमाभागातल्या गावचे, आमच्याच गल्लीतले रिटायर लाइनमन. अख्खं गाव त्यांना अण्णा म्हणतं. बायको चिडल्यावर काय म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही. जन्मभर खांबांवर चढून त्यांनी गावाला उजेड दिला आणि रिटायर झाल्यावर सगळा जीव लावला तो गावच्या फुटबॉल क्लबावर. या क्लबाला कुणी शेठ नाही. क्लबावर जीव टाकणारी अकरा घरंच त्याची मालक. प्रत्येक घराकडे एक शर्ट. तो धुवायचा, उसवला तर शिवायचा, आणि मॅचच्या दिवशी तो घालणाऱ्या गड्याला पोटभर जेवू घालायचं. मालकी म्हणजे एवढीच. ती नको झाली की पाडव्याच्या आत शर्ट घडी घालून अण्णांच्या ओसरीवर ठेवून यायचं. अकरातले सहा परत आले की क्लब बंद, हे पहिल्याच बैठकीत लिंबाखाली ठरलेलं.

मैदानाच्या कडेला तारा केव्हाच काढलेला एक जुना खांब आहे. मॅचच्या दिवशी सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा ओढून झाल्या की अण्णा तशाच पांढऱ्या हातांनी कमरेला पट्टा आवळत आणि खांबावर चढत. मॅच बघायची ती तिथूनच. "अण्णा, खुर्ची टाकलीय, खाली या की," म्हटलं तर म्हणत, "नको बा. खाली उभारलं की हारणं लै जवळून दिसतंय. जिंकू त्या दिवशी उतरतो." वरून तोंडाचा पट्टा अखंड चालू. रेफरीशी कन्नडमध्ये, समोरच्या टीमशी दखनी उर्दूत, आणि शिव्या मात्र आपल्याच गड्यांना, मराठीत. घरच्याला घरच्याच भाषेत बोलावं, नाहीतर त्याला परकं वाटतं, हे त्यांचं म्हणणं. सात गोल खाऊन आमचे लोक माना खाली घालून निघाले की खांबावरून आवाज यायचा, "अरे, दुसऱ्या हाफात तीनच खाल्लाव! सुधारायलाव की!"

गेल्या हंगामाचं तर विचारूच नका. एक मॅच जिंकली असेल तर शपथ. आमच्या नावावर लागला तो एकच गोल, आणि तोही भालकीच्या एका बॅकनं गडबडीत स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. अण्णा शाल-नारळ घेऊन त्या बिचाऱ्याचं घर शोधत भालकीला गेले. "यंदा आमच्याकडनं सगळ्यात जास्त गोल तुमीच मारलाव," असं म्हणून चारचौघांत त्याला शाल पांघरली. तो आधीच तोंड लपवून फिरत होता, आता घरातूनही बाहेर पडेना. त्याच्या आईला मात्र खरंच सत्कार वाटला. तिनं अण्णांना आग्रह करकरून जेवू घातलं.

शालीनं काही भागलं नाही. शर्ट परत यायला लागले. पाडवा आठवड्यावर आला तोवर पाच आले होते. सात नंबरचा शर्ट आमच्या घरचा. वडील होते तोवर ते स्वतः दगडावर घासून धूत. ते गेल्यावर शर्ट माझ्याकडे पुण्याला आला. गड्याच्या जेवणाचं अण्णांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, अंगावर घेतलं. मी शर्ट धुऊन शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, सोमवारी चिखलाने माखलेला परत घ्यायचा. खरं सांगतो, कंटाळलो होतो. शर्ट पिशवीत घातला आणि गाव गाठलं.

अण्णांच्या अंगणात ते पाचही शर्ट वाळत होते. साध्या दोरीवर नव्हे. चार दोऱ्या बांधून ज्याला त्याला त्याच्या जागेवर टांगलेलं. गोलकीपरचा भिंतीपाशी, दोन बॅकचे त्याच्या पुढे. अक्का म्हणाल्या, "बघ बाबा, घरात मानसं दोन आन धुणं पाच फुटबॉलवाल्याचं. मॅच न्हाई काय न्हाई, तरी दर ऐतवारी धुवायलेत. इचार की कामून!"

 अण्णा माझ्या पिशवीकडे बघत होते. खांबाच्या टोकावर कधी न घाबरलेला माणूस, त्याचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. "सहावा आणलास?" त्यांनी हळूच विचारलं.

मी शर्ट काढून अक्कांपुढे धरला. "न्हाई हो अण्णा. काखेत उसवलाय. म्हटलं अक्काकडनं टाका घालून घ्यावा."

शर्ट धडधाकट होता. अक्कांनी तो उलटासुलटा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि सुई ओवून न उसवलेल्या जागी चार टाके घातले. पाडवा पार पडला. क्लब राहिला.

यंदा अण्णांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खांब बंद केला, आणि जिंकायच्या आधीच त्यांना खाली उतरावं लागलं. मला फार वाईट वाटलं. पहिली मॅच झाली त्या संध्याकाळी मीच फोन केला.

"अण्णा, किती खाल्लाव?"

"दोनच!"

"आन खाली उभारून बघवलं का?"

 "लै जवळून दिसलं बा. पर आपला सात नंबरचा गडी मैदानातच रडायला लागला, तर त्याच्या खांद्यावर हात ठिवता आला. खांबावरनं येत नव्हता."

सोमवारी शर्ट आला. गुडघ्यांचं काही का असेना, रेघा अजून तेच ओढतात. शर्टाच्या खांद्यावर चुन्याची पाच बोटं स्वच्छ उमटली होती. उद्या शुक्रवार, शर्ट धुऊन वाळवून ड्रायव्हरकडे द्यायला हवा. वडील गेल्यापासून माझ्या खांद्यावर असा हात कुणी ठेवलेला नाही. बादलीत साबण घोळून केव्हाचा बसलोय, शर्ट अजून मांडीवरच आहे.