काट्यांवरचा दुपट्टा

माझ्या जुन्या ट्रकमध्ये त्याहून जुनं इंजिन राजुऱ्याच्या मिस्त्रींनी मोठ्या हौसेनं बसवलं. पण समोरचे सगळे काटे चालू पाहिजेत असा मी हट्ट धरला, तेव्हा ते दुखावले.

"काटे कायले पाह्यजे भाऊ? मले कान हायेत ना."

तरी ऑइलचा, हीटचा, सगळे काटे त्यांनी चालू करून दिले. फक्त ट्रायलला गाडी चालवताना मिस्त्री त्या काट्यांवर आपल्या गळ्यातला दुपट्टा टाकत. आधी इंजिन ऐकायचं, काटा कुठे असेल ते सांगायचं आणि मग दुपट्टा उचलायचा. जुळलं नाही तर काट्याला टिचकी मारत. "नवा हाये, शिकन."

जिवतीच्या घाटात मी त्यांच्या बाजूला बसलो होतो.

"हीट अर्ध्यावर हाये," म्हणत त्यांनी दुपट्टा उचलला. काटा लाल रेघेच्या पार गेला होता. त्यांनी टिचकी मारली. काटा हलला नाही.

गाडी बाजूला घेऊन त्यांनी बॉनेट उघडलं. पंख्याचा बेल्ट सैल होऊन घसरत होता. तो त्यांनी ताणला, इंजिन निवल्यावर पाणी भरलं, परत येऊन बसले आणि काट्यासमोर स्वतःचा कान धरला.

उरलेला घाट त्यांनी तोच दुपट्टा दोन्ही कानांवरून घट्ट बांधून, काट्याकडे पाहत चढवला.

"कान काऊन बांधले?" मी विचारलं.

"थंडी वाजून राह्यली."

मे महिन्याची दुपार होती.