फारोची अल क्वोज शाखा

समस्त मराठी जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, काल दुबईच्या करामा भागात रंगाच्या दुकानापाशी थिनरचा वास आला आणि मी भर रस्त्यात एकटाच हसत सुटलो.

त्या वासानं मला पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या अल क्वोजच्या गोदामात नेलं. जूनची दुपार होती. आम्ही बसलेलं मुकादमाला खपायचं नाही, म्हणून तो थिनरचे रिकामे ड्रम आवाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायला लावायचा आणि मग परत आणायला. तापलेला पत्रा तळहात भाजायचा. नाही म्हणणाऱ्याला थेट परतीचं तिकीट मिळे.

मी अलिबागकडचा बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. ड्रम ढकलताना रत्नागिरीच्या करीमला म्हटलं, "वल्हांडण सणाला बाबा पोथीतून वाचायचे, मिसरच्या फारो राजानं आमच्या गुलाम पूर्वजांकडून 'पेरेख'नं काम करून घेतलं. पेरेख म्हणजे क्रूरपणा. पण बाबा सांगायचे, जड काम क्रूर नसतं. ज्याचा कुणालाच उपयोग नाही, नुसता माणूस मोडावा म्हणून लावलेलं काम, ते पेरेख."

"म्हणजे तुमच्या फारोनं इथं शाखा काढलीय की रे!" करीम म्हणाला.

तेवढ्यात मुकादम ओरडला, "यल्ला, पुन्हा तिकडे न्या!"

करीम ड्रमवर चढून मांडी घालून बसला. तेव्हा मी घाबरून दोन पावलं मागं सरलो होतो. आज टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. सगळं गोदाम ऐकेल असा तो गरजला, "खलास! काम दे, डोंगर हलवतो. हे पेरेख तुझं तू उचल!"