विकणे आहे, पैसे आधी

आमच्या या डच गावात, हूफडॉर्पमध्ये, घरामागे एक लाकडी खोली असते, सायकली ठेवायला. आपण दोन बॅगा घेऊन या देशात येतो आणि बघता बघता ती खोली गच्च भरते. मग एक दिवस सगळं ऑनलाइन विकायला काढावं लागतं. वस्तू जाते, पण तिच्या विक्रीचा किस्सा मात्र घरातच राहतो. आमच्या सात-आठ मराठी घरांत असे इतके किस्से साठलेत की त्यांच्यासाठी वेगळी खोली बांधावी लागेल!

आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मुळात तो गणपतीत मोदक कोण किती करणार, हे ठरवायला काढला होता. आता त्याचं नाव 'विकणे आहे' असं आहे. मोदकांचं काय ते आम्ही फोनवर ठरवतो.

* * *

पहिला मान माझ्या नवऱ्याचा. सुहासने आमचं कॉफी मशीन विकायला टाकलं. घेतलं होतं हौसेनं, पण महिन्याभरात आम्ही दोघंही मुकाट्यानं चहावर परत आलो होतो.

जाहिरात टाकल्या टाकल्या गिऱ्हाईक हजर. "मशीन मला हवंच आहे. पण मी एकदा फसलोय. तुम्ही खरे आहात ना, एवढी खात्री करून घेतो. सोबतच्या लिंकवरून मला फक्त एक सेंट पाठवा."

लिंक अर्थातच खोटी होती. तिथे बँकेची माहिती भरली की खातं रिकामं. पण हे सगळं आम्हाला नंतर कळलं. सुहासला तेव्हा यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. त्याला राग आला तो वेगळाच.

"वस्तू माझी, विकणारा मी, आणि पैसेही मीच द्यायचे? हा कुठला व्यवहार?"

समोरचा समजावत होता, एकच तर सेंट आहे. हा लिहीत होता, प्रश्न एका सेंटचा नाही, तत्त्वाचा आहे. जेवण गार झालं तरी यांचं चालूच! शेवटी त्या भामट्यानं कंटाळून सुहासला ब्लॉक केलं.

सुहासनं फोन बाजूला ठेवला आणि पोळी वाढून घेत म्हणाला, "बघ, एक सेंट परवडत नाही आणि निघाले कॉफी मशीन घ्यायला!"

* * *

यानंतर ग्रुपवर परागनं सूत्रं हातात घेतली. पराग म्हणजे आमच्याच रस्त्यावर राहणारा मित्र. तो एका कंपनीत सायबर सिक्युरिटीचं काम करतो, त्यामुळे त्याचा मेसेज आला की आम्ही सगळे शाळेत बसल्यासारखे वाचतो. त्यानं बजावलं की कुणाची लिंक उघडायची नाही, स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा नाही. समोरच्याच्या फोनवर काय दिसतं ते बघायचंच नाही, आपल्या खात्यात पैसे दिसले तरच वस्तू हातातून सोडायची.

हे सगळं बरोबरच होतं. पण परागला थांबायचं कुठे ते कळत नाही. त्याचा प्रोजेक्टर घ्यायला न्यूनेनहून एक वयस्क डच बाई आल्या. एवढ्या लांबून एकट्या गाडी चालवत, पाकिटात रोख रक्कम घेऊन. परागनं नोटा उजेडात धरून पाहिल्या. मग त्यांचं ओळखपत्र मागितलं. मग त्या काय काम करायच्या, तेही विचारलं.

बाईंनी सगळं शांतपणे सांगितलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "छान. आता हा प्रोजेक्टर चोरीचा नाही, हे तुम्ही मला दाखवा."

पराग खरेदीची पावती शोधत माळ्यावर गेला. तो खाली येईपर्यंत बाईंनी केतकीबरोबर, म्हणजे परागच्या बायकोबरोबर, दोन कप कॉफी घेतली होती आणि किंमतही कमी करून घेतली होती.

* * *

रोहन टिलबर्गला पीएचडी करतो. ग्रुपमधला सगळ्यात लहान, त्यामुळे आम्ही सगळ्याजणी त्याच्या ताया. त्यानं त्याचा भारीतला लॅपटॉप विकायला काढला, तर एका गिऱ्हाइकाचा चक्क मराठीत मेसेज आला! 'नमस्कार दादा, नाव बघून ओळखलं आपण मराठी आहात. मीसुद्धा पुण्याचाच. आपला लॅपटॉप मला अत्यंत आवडला आहे. आपण सांगितलेली किंमत मला मान्य आहे. कुरिअरवाल्याला पाठवतो, त्याच्या लिंकवर आपण कृपया आपला तपशील भरावा.'

परमुलखात आपली भाषा दिसली की माणूस विरघळतोच. पण रोहननं त्याला तिथल्या तिथे रिपोर्ट केलं.

"तुला कसा रे संशय आला?" मी विचारलं. "मराठी तर शुद्ध होतं."

"ताई, मराठी शुद्ध होतं ते ठीक आहे," रोहन म्हणाला, "पण पुण्याचा माणूस आणि घासाघीस न करता किंमत मान्य?"

* * *

सगळेच किस्से हसायचे नसतात. केतकीच्या कॅमेऱ्याचा तसा नाही.

तो कॅमेरा तिनं इथल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतला होता. त्यांच्या लेकीचं, इराचं, सगळं बाळपण त्यात टिपलेलं. घ्यायला एक जोडपं आलं, बाबागाडीत झोपलेलं बाळ घेऊन. गोड बोलणारी माणसं. पराग ऑफिसला गेला होता. त्यांनी फोनवर 'पैसे पाठवले' अशी हिरवी खूण दाखवली. केतकीनं स्वतःचं खातं उघडायला फोन हातात घेतलाही होता. पण पाहुण्यांच्या देखत तपासायचं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं, म्हणून तिनं तो परत ठेवून दिला. वर बाळाच्या आईला डबा भरून लाडू दिले.

पैसे आलेच नाहीत. पोलिसांत तक्रार झाली. तिचं पुढे काही झालं नाही.

"कॅमेऱ्याचं जाऊ दे गं," ती मला म्हणाली होती, "पण घरात सायबर सिक्युरिटीवाला नवरा आहे, मी स्वतः इंजिनिअर आहे, आणि मी लाडू दिले!"

परागनं तिला एका शब्दानं दुखवलं नाही. पण तिच्या मनातून ते जाईना. ती ग्रुपवर लिहायची बंद झाली. काही विकायचा विषय निघाला की उठून आत जायची. आमची केतकी सगळ्यात बोलकी, आणि तिला असं गप्प बघून मला फार वाईट वाटायचं.

* * *

मग त्यांचं पुण्याला कायमचं परत जायचं ठरलं. पराग तिकडे नव्या नोकरीवर आधी गेला आणि सामान आवरायला केतकीच्या सासूबाई आल्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. काकूंना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही.

इथल्या घरांचं दार उघडलं की वीतभर जागा असते. तिथे बूट पसरलेले काकूंना खपत नाहीत. त्यामुळे पाहुणा आत बसला की त्या त्याचे बूट उचलून जिन्याखालच्या कपाटात ठेवतात आणि कपाट लावून घेतात. मी एकदा पाच मिनिटांसाठी गेले होते. निघायला उठले तर बूट नाहीत! "आहेत गं," काकू आतून म्हणाल्या, "वरणाला फोडणी घातली की देते." जेवूनच परत आले.

* * *

आता शेवटचा. सगळं गेलं होतं, उरली होती बाकफीट्स. पुढे मोठा लाकडी खोका असलेली, मुलांना बसवून न्यायची विजेची सायकल. घरातली सगळ्यात महाग वस्तू. पराग पुण्यात, म्हणजे ती विकायची केतकीनं. तिनं मला सोबतीला बोलावून घेतलं. "मला परत फसायचं नाहीये," एवढंच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

तिशीतला, हसरा माणूस रिकामी व्हॅन घेऊन आला. सायकल पाहिली, पसंत केली. बाहेर पाऊस भुरभुरत होता म्हणून आत आला. काकूंनी खुणेनं बूट काढायला लावले. पांढरेशुभ्र, नवेकोरे बूट.

त्यानं फोनवर काहीतरी केलं आणि हिरवी खूण दाखवली. "पाठवले."

केतकीनं या वेळी स्वतःचं खातं उघडलं. काही आलं नव्हतं. तो इंग्रजीत म्हणाला, "माझं खातं नवीन आहे, पहिल्यांदा वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत दिसतील. मला जरा घाई आहे, चावी देता?" आवाजात इतका साधेपणा की मलासुद्धा वाटलं, खरंच असेल. सायकलची चावी केतकीच्या हातात होती आणि तो हात थोडा पुढे झालाच.

"काय म्हणतोय तो?" काकूंनी विचारलं.

"आई, म्हणतोय पैसे यायला वेळ लागेल."

"मग लागू दे की. बसू दे त्याला. पोहे टाकते."

तो बसला. पोहे आले, चहा आला. पोह्यातल्या मिरचीनं त्याला घाम फुटला, तर काकूंनी वरून दही वाढलं. तो उठायला लागला की काकू म्हणायच्या, "अहो, बसा हो!" आणि भाषा कळत नसूनही तो बसायचा. केतकी दर थोड्या वेळानं फोन बघत होती. खातं जसंच्या तसं.

मग केतकीनं चावी मुठीत घट्ट धरली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आपण असं करू, तुमच्या बँकेला आत्ताच फोन लावू. स्पीकरवर."

त्याचं हसू जरा आखडलं. "बँकेचं कार्ड गाडीत राहिलंय, घेऊन येतो," म्हणून तो दाराशी गेला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "माय शूज?"

'शूज' काकूंना कळलं. बशा गोळा करता करता त्या म्हणाल्या, "पैसे आले की."

केतकीनं भाषांतर केलं, तेही हसतमुखानं. "शूज आफ्टर पेमेंट."

त्यानं आम्हा तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग दार उघडलं आणि मोज्यांवर, भर पावसात, गाडीकडे चालत गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

"पोहे टाकून गेला बघ," काकू म्हणाल्या.

केतकी जिन्याच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग तिला पाहून माझ्याही. "काकू, तुम्हाला कळलं होतं का हो?" मी विचारलं. काकूंनी केतकीच्या मुठीतून चावी काढून खुंटीला अडकवली आणि चहाचं आधण परत ठेवलं.

सायकल पुढे शेजारच्या डच बाईंनी घेतली. पैसे खात्यात दिसल्यावर, चहा पिऊन.

पण पोह्यांच्या त्या दिवशी मी घरी पोचते न पोचते, तोच माझा फोन वाजला. कितीतरी महिन्यांनी ग्रुपवर केतकीचा मेसेज आला होता.

'विकणे आहे. पुरुषांचे पांढरे बूट, जवळजवळ नवे. पैसे आधी. नेणाऱ्याला पोहे मिळतील.'