उतारावरची विश्रांती

चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं की जी शांतता पसरते, ती तुम्ही कधी ऐकली आहे का? आधी वारा कानाशी येतो, मग डांबरावरून धावणाऱ्या चाकांची कुजबुज, मग मागच्या हौद्याच्या साखळीची किणकिण. डिझेलच्या धडधडीखाली दबलेले हे सारे सूक्ष्म ध्वनी एकदम मोकळे होतात. एखाद्या रसिकाला त्यात संगीत सापडेल, सापडो बापडं! मला मात्र तिची भीती वाटते. आजही वाटते.

तुम्हाला म्हणून सांगते, मी जन्माची भित्री. पाल दिसली की मी पलंगावर, वीज कडाडली की पलंगाखाली. अशा बाईची गाठ नेमकी एका पिकअपवाल्याशी पडावी, याला काय म्हणायचं? उल्हासनगरच्या कॅम्प पाचात आमचं बिऱ्हाड. तिथून कपाटं, पलंग, सोफे उचलायचे आणि अंबरनाथ-बदलापुरात नव्यानं उभ्या राहणाऱ्या इमारतींत पोहोचवायचे, हा आमच्या ह्यांचा धंदा. त्या वर्षांत बदलापूर असं काही वाढत होतं की परवा ज्या खाचरात बगळे उभे होते, तिथं आज सिमेंटच्या गोण्या दिसायच्या. घरं वाढली तशी कपाटं वाढली, आणि कपाटं वाढली तशा यांच्या खेपा. माझं कामच मुळी घरी बसून धास्तावणं.

गाडीवर मात्र यांची माया विलक्षण! सकाळी चहाच्याही आधी बॉनेट उघडायचं. ऑइलची पट्टी पुसून, बुडवून, उजेडात धरून बघायची. रेडिएटरचं पाणी, टायरची हवा, ब्रेक ऑइलची डबी, स्प्रिंगच्या पाट्यांचं ग्रीस, काही म्हणून सुटायचं नाही. मला ताप आला तर ‘गोळी घे आणि पड’ म्हणणारा हा माणूस गाडी जरा खोकली की तिला घेऊन गॅरेजात धावायचा. आणि याच मायेच्या पोटी यांना एक खोड लागली होती. उतार आला की गाडी न्यूट्रलला टाकायची, चावी मागे फिरवायची आणि तिला आपल्या भारानं खाली जाऊ द्यायचं. ‘चढावर दमते गं ती. उतारावर तरी दम खाऊ दे तिला.’ डिझेल वाचायचं, नाही असं नाही, पण यांच्या मनात हिशेबापेक्षा दयाच अधिक. या धंद्यातले कितीतरी ड्रायव्हर हेच करायचे. यंत्रालाही विसावा हवा असतो, ही त्यांची श्रद्धाच होती. कधी सोबत असले की मी म्हणायचे, ‘अहो, चालू ठेवा ना.’ आणि हे म्हणायचे, ‘गाडी बंद होते, पण तुझा पट्टा काही बंद होत नाही!’

लोक हसून म्हणतात, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. म्हणोत. पण तो ब्रह्मराक्षस खरोखरच मागे लागला, तर आधी कुणाला दिसणार, सांगा बरं? भिणाऱ्यालाच ना? निर्भय माणूस मागे वळून बघतच नाही. भय ही दुर्बलता खरीच, पण ती एक प्रकारची जागही आहे, असं मला आपलं वाटतं. अर्थात हे तत्त्वज्ञान मला नंतर सुचलं. त्या दिवशी काही सुचलं नव्हतं.

त्या दिवशी माझ्या नणंदेच्या बाळाचं बारसं होतं, बदलापूरच्या खरवईला, तिच्या नव्या फ्लॅटमध्ये. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत, हे कुणाला माहीत नसतं? तरी आपल्याकडे घरची गाडी असली की सगळं गणगोत त्या हौद्यात चढतंच. सतरंजी अंथरली, मधोमध सजवलेला लाकडी पाळणा दोरीनं बांधला, आणि भोवती सासूबाई अन् आळीतल्या बायका बसल्या. माझी लहानगी लेक सुजाता माझ्याजवळ पुढे बसेना. तिला आजीच्या मांडीवर बसून गाणी म्हणायची होती. ‘बसू दे गं, मी धरते पोरीला,’ म्हणत सासूबाईंनी तिला ओढून घेतलं. माझ्या मनाला ते पटलं नव्हतं, पण सासूपुढे काय बोलणार!

अंबरनाथ सोडल्यावर रस्ता एका टेकाडावर चढतो आणि पलीकडे बदलापूरच्या अंगाला सरळ उतरतो. चढावर गाडी कण्हत होती, माणसांचं ओझं तिला सोसवत नव्हतं. माथा आला आणि यांनी सवयीनं चावी फिरवली. ती शांतता पसरली. मागून पाळण्याचं गाणं एकदम स्पष्ट ऐकू येऊ लागलं, त्यात सुजाताचा चिरका स्वर सर्वांच्या वर! गाडीनं वेग घेतला. वळणावर यांनी ब्रेक दाबला, लागला. पुन्हा दाबला, अर्धामुर्धा लागला. आणि खाली, इमारतीच्या कामावर निघालेला एक पाण्याचा टँकर मागे मागे येत अख्ख्या रस्त्यावर आडवा झाला. यांनी तिसऱ्यांदा पाय दिला, तर पेडल दगडासारखं घट्ट. हे जवळजवळ उभे राहिले त्या पेडलावर. तरी गाडी चाललीच होती.

माझ्या डोळ्यांपुढे टँकर नव्हताच, मागची सतरंजी होती. मी किंचाळले, ‘अहो, चालू करा! चालू करा ना!’ त्यात शहाणपण कसलं आलंय? नेहमीचंच तुणतुणं ते, फक्त घसा फाडून. पण यांचा हात चावीवर गेला, गाडी गिअरात पडली, क्लच सुटला, एक जीवघेणा हिसका बसला आणि इंजिन धडधडून जागं झालं. मग ब्रेक लागला. टँकरवरचे पाण्याचे ओघळ मोजता येतील इतक्या जवळ आम्ही थांबलो. पुढे गॅरेजवाल्या सिंधी काकांनी सांगितलं, ‘साईं, इंजन सो गया तो ब्रेक की आधी जान गई.’ पायाला इंजिनची जी साथ असते, ती बंद गाडीत दोन-तीन दाबांतच संपते म्हणे. ज्या विश्रांतीला आम्ही दया समजत होतो, ती अशी होती!

मागे बायका एकमेकींवर कोसळून खिदळत होत्या. ‘काय रे, पाळणा हलवून बघतोस का?’ सासूबाई ओरडल्या. टँकर सरल्यावर यांनी गाडी पुढे काढली.

बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या. परतताना हे हलकेच म्हणाले, ‘आई, तुम्ही सगळ्या रिक्षानं या.’ सासूबाईंनी हौद्यात पाय ठेवलासुद्धा होता. ‘घरची गाडी असताना रिक्षा कशाला रे? माझ्या लेकासारखा डायवर हाय का कुठं?’ सुजाता पुन्हा त्यांच्या मांडीवर. खरं सांगून टाकावं, असं माझ्या ओठांवर आलं, पण यांचा चेहरा बघून जीभ रेटली नाही.

टेकाडाचा माथा आला. समोर अंबरनाथच्या अंगाचा उतार. यांनी गाडी दुसऱ्या गिअरात घेतली, इंजिन गुरगुरू लागलं, आणि काही गरज नसताना यांचा पाय पुन्हा पुन्हा ब्रेक चाचपताना मला दिसला. संसारात कितीदा वाटलं होतं, या माणसाला एकदा तरी भीती वाटावी! वाटली, आणि मला रडूच आलं. दोघांतलं एक निर्भय असेल, तर दुसऱ्याला भिण्याची चैन परवडते हो. आता मी कुणाच्या जिवावर भिणार होते?

‘बोल ना गं काहीतरी,’ हे रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. ‘गप नको बसूस.’

आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सापडेनात. मग कशीबशी सुरू झाले. पुढे वळण आहे हं. रिक्षा येतेय, जाऊ द्या तिला. इंजिन चालू आहे ना? ‘चालू आहे.’ ब्रेक लागतोय? ‘लागतोय.’ पुन्हा बघा. ‘लागतोय गं.’ मागे बायकांनी पाळण्याचं गाणं धरलं होतं आणि सपाटीला लागेपर्यंत माझं तोंड चालू होतं. ‘भिऊ नका’ एवढं मात्र मी एकदाही म्हटलं नाही.