पाच पाठकोरी कार्डं

मधू सावंत गेल्याचा फोन शाखेत आला, तेव्हा मी एका पाठकोऱ्या कागदावर रजेच्या अर्जाचा कच्चा मसुदा लिहीत होतो. रविवारीच त्याच्याकडे चहा झाला होता, आणि मंगळवारी हे... गावच्या लग्नासाठी मागायची रजा मधूच्या अंत्ययात्रेला लागली. त्याला आता महिना होत आला. सात वर्षं जे त्याच्याजवळ बोललो नाही, ते निदान इथे लिहून टाकतो.

आम्ही दोघं एकाच दिवशी बँकेत चिकटलो. तो मुलुंडचा, मी नाहूरचा. कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात मधूचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि मी युनियनचा माणूस. बँकेने मला एक खोड लावली. पाठकोरा कागद दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. बाद झालेल्या फॉर्मांच्या पाठीवर मी युनियनच्या नोटिसा लिहायचो. "लग्नाची पत्रिका तरी नव्या कागदावर छापलेलीस ना रे?" असं मधू चिडवायचा.

तोच मधू चौदा वर्षांच्या नोकरीनंतर एके दिवशी म्हणाला, "मी कॉम्प्युटर शिकणार." मला वाटलं, गंमत करतोय. पण त्याने वर्षभराची बिनपगारी रजा काढली आणि एका संस्थेच्या तयारीच्या वर्गात नाव घातलं. वर्षाअखेरीस स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवून दाखवला की दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश, मग बँकेला कायमचा रामराम. पुढल्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे संधी ही एकच. सुमनवहिनी शाळेत शिकवायच्या, घराचा भार त्यांनी उचलला.

मी भडकलो. युनियन तेव्हा बँकेत कॉम्प्युटर येऊ नये म्हणून भांडत होती. "तेच यंत्र उद्या आपल्या माणसांच्या नोकऱ्या खाणार. तुला काहीच वाटत नाही?"

"ते येणारच आहे यार. निदान आपल्यातल्या एकाला तरी ते आतून कळू दे ना."

मी आवाज आणखी चढवला.

त्या काळी प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या जाड कार्डांचा गठ्ठा, एका कार्डावर एक ओळ. क्रम चुकला की वाट लागली. म्हणून मधू गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढायचा. कार्डं सांडली तरी रेघ जुळवली की क्रम लागायचा. भोक चुकलेली कार्डं तो टेबलाच्या कोपऱ्यात माझ्यासाठी ठेवायचा. त्यांची पाठ कोरी, आणि शाई जराही फुटत नसे. मला घबाडच मिळालं होतं.

प्रोग्रॅम द्यायच्या दिवशी मी सकाळीच त्याच्याकडे गेलो. मधू आत चहा टाकत होता. कोपऱ्यात कार्डं दिसली, त्यातली मी पाच उचलली आणि तिथेच बसून पाच शाखांसाठी निरोप लिहिला, 'कॉम्प्युटरविरोधी सभा, सायंकाळी सहा, गेटवर.' मग चहा पिता पिता त्याच्याशी वाद घालत बसलो. त्याला उशीर झाला. गठ्ठा कसाबसा खोक्यात भरून तो पळाला, रेघ बघायला त्याला सवड राहिली नाही.

आठ दिवसांनी निकाल हातात आला, तो चुकांनी भरलेला.

"पाच कार्डं नाहीत रे," मधू म्हणाला. "रेघ तुटलीय."

त्याच क्षणी मला कळलं. चुकलेल्या कार्डांच्या कडेला रेघ नसते. मी उचललेली त्याने तपासायला बाजूला काढलेली असणार, त्यांच्या कडेला रेघेचा एकेक ठिपका असणार, आणि मी तो पाहिलाच नव्हता.

"पडली असतील कुठेतरी," मी म्हणालो.

त्याने नवी कार्डं करून दिली, पण मुदत संपली होती. मी तेव्हा संस्थेत जाऊन माझी चूक कबूल केली असती, तर कदाचित त्याला आणखी एक संधी मिळालीही असती. गेलो नाही. मनात म्हटलं, बरंच झालं, आपला माणूस आपल्यात राहिला. या वाक्याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते. मधू परत त्याच टेबलाशी येऊन बसला. काम चोख करायचा, पण नवं काही शिकायचं म्हणून पुन्हा कधी बोलला नाही.

गेल्या आठवड्यात सुमनवहिनींनी ते खोकं माझ्यापुढे ठेवलं. "तुम्हाला द्यायचं, असं म्हणून ठेवलं होतं त्यांनी," एवढंच म्हणाल्या. घरी आणून मी गठ्ठा बाहेर काढला. तिरकी रेघ अजून शाबूत होती, मध्ये एक बारीक पांढरी फट. तिथली चार कार्डं नवी, बिनरेघेची. पाचव्याच्या कडेला ठिपका होता. मी ते उलटलं. पाठीवर माझंच अक्षर, 'सायंकाळी सहा, गेटवर.' कुठल्या शाखेतून ते त्याच्या हाती लागलं, आता कोण सांगणार?

म्हणजे त्याला ठाऊक होतं. तरी दर रविवारी चहा, तीच चेष्टा, आणि निघताना माझ्यासाठी जमवलेले पाठकोरे कागद. त्या प्रसंगानंतर प्रत्येक कागदाच्या लिहिलेल्या बाजूवर तो पेन्सिलीने मोठी फुली मारून द्यायचा. मी एकदा विचारलंही होतं, फुली कशाला?

"तू न बघता उचलतोस ना," तो हसून म्हणाला होता, आणि मीही हसलो होतो.

हा लेख त्याच कागदांवर लिहिलाय. एकेक पान उलटून ठेवतोय, आणि प्रत्येकाच्या मागे त्याची फुली आहे.